ठिणगी कुठे अडली?

‘मराठी विभागात सगळ्यांच्या कविताच आल्यात, तू काहीतरी टेक्निकल लिही,’ असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मी आधी हसले. पहिली ते दहावी कॉन्व्हेंटमध्ये काढलेल्या मुलीने मराठीत टेक्निकल लेख लिहायचा? ‘इंडक्शन’ला मराठीत ‘प्रवर्तन’ म्हणतात हे मला लिहायला बसल्यावर आईकडून कळलं. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. इंजिनिअरिंगच्या चुका मात्र जरूर दाखवा, कारण हा लेख बराचसा माझ्या चुकांबद्दलच आहे.

माझ्या आजोबांकडे साताऱ्याला १९९० सालची प्रीमियर पद्मिनी आहे. घरात तिला सगळे ‘फियाट’च म्हणतात आणि ते चूक नाही, कारण ही मुळात इटलीची फियाट ११००. आपल्याकडे ती मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनायची. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी दिसायची बंद झाली. माझ्या जन्माआधीच हिचं उत्पादन थांबलं होतं. चार सिलिंडरचं १०८९ सीसीचं इंजिन, कार्ब्युरेटर, गिअर स्टिअरिंगजवळ. ईसीयू नाही, सेन्सर नाही, त्यामुळे स्कॅनर लावून ‘फॉल्ट कोड’ वाचायची सोयही नाही.

खाजगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. आमच्या फियाटची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपत होती. आणि २०२५ च्या दिवाळीत मी सुट्टीला साताऱ्याला गेले तेव्हा गाडी धड वीस मिनिटं चालत नव्हती. बाबा म्हणाले, ‘जी गाडी आरटीओपर्यंत पोचत नाही ती पास कशी होणार? मी भंगारवाल्याला विचारून ठेवलंय.’ आजोबा काहीच बोलले नाहीत. फडकं घेऊन बोनेट पुसत बसले. मला ते बघवेना. मी म्हटलं, ‘बाबा, मला सुट्टीभर बघू द्या. नाही जमलं तर मग विका.’ मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असल्याचा एवढा आत्मविश्वास मला होता. तो पुढच्या दोन दिवसांत उतरला.

आजाराचा इतिहास

डॉक्टर जसं आधी ‘कधीपासून होतंय?’ विचारतात, तसं मी आजोबांना विचारलं. उत्तर असं मिळालं. पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू व्हायला त्रास द्यायची, दुपारी ऊन पडलं की काही नाही. म्हणून एका मेकॅनिकला दाखवली. त्याने प्लग, पॉइंट, कंडेन्सर आणि कॉईल असं सगळं एकदम नवीन टाकलं. त्यानंतर सकाळचा त्रास होताच, वर नवीन दुखणं सुरू झालं. इंजिन चांगलं तापलं की गाडी एकदम बंद पडायची. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू, जसं काही झालंच नव्हतं.

इथे एक गोष्ट मला तेव्हाच दिसायला हवी होती. दुखणी दोन होती, आणि दुसरं दुखणं औषधानंतर सुरू झालं होतं.

बारा व्होल्टचे वीस हजार कसे होतात?

पुढचं समजण्यासाठी थोडी थिअरी. घाबरू नका, इंटिग्रेशन नाही.

पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटवायला प्लगच्या टोकाशी ठिणगी लागते, आणि दाबलेल्या हवेतून ती उडवायला पंधरा-वीस हजार व्होल्ट लागतात. बॅटरी असते १२ व्होल्टची. मधलं काम करते इग्निशन कॉईल. तिच्यात दोन गुंडाळ्या असतात. जाड तारेची कमी वेढ्यांची प्रायमरी, आणि केसासारख्या तारेची साधारण शंभरपट वेढ्यांची सेकंडरी.

आता आपल्यापैकी बरेच जण म्हणतील, म्हणजे हा ट्रान्सफॉर्मर! मीही व्हायव्हात तेच म्हणाले असते. पण हिशोब करून बघा. बाराला शंभराने गुणलं तर होतात बाराशे व्होल्ट. त्यात ठिणगी उडत नाही. मग बाकीचे कुठून आले?

उत्तर प्रवर्तनात आहे. डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंट नावाचा एक छोटा स्विच असतो. तो मिटलेला असताना प्रायमरीतून तीन-चार अँपिअर करंट वाहतो आणि कॉईलमध्ये चुंबकीय क्षेत्र तयार होतं. डिस्ट्रिब्युटरचा कॅम फिरला की पॉइंट उघडतात, करंट तुटतो आणि ते क्षेत्र कोसळतं. क्षेत्र जितक्या झटक्यात कोसळेल तितका व्होल्टेज जास्त. हा झटका इतका जोरदार असतो की खुद्द प्रायमरीतच दोनशे-तीनशे व्होल्ट तयार होतात. त्याचे शंभरपट म्हणजे वीस-तीस हजार. म्हणजे ठिणगी करंट चालू केल्याने मिळत नाही, तो झटक्यात *बंद* केल्याने मिळते.

झटक्यात, हा शब्द महत्त्वाचा. धावत्या करंटला थांबणं आवडत नाही. पॉइंट नुकतेच विलग होत असतात तेव्हा त्या बारीक फटीतून तो उडी मारून वाहतच राहतो, तिथेच ठिणगी पाडतो. मग क्षेत्र हळूहळू कोसळतं आणि प्लगच्या वाट्याला काही येत नाही. म्हणून पॉइंटला समांतर कंडेन्सर लावलेला असतो. करंगळीएवढी पत्र्याची डबी, क्षमता साधारण ०.२ मायक्रोफॅरड. चालत्या एसटीतून उतरणारा माणूस जसा दोन पावलं पळतो, तशी दोन पावलं पळायला कंडेन्सर करंटला जागा देतो. तेवढ्या वेळात पॉइंट पुरेसे लांब जातात आणि करंटची उडी हुकते.

मग डिस्ट्रिब्युटरच्या कॅपखाली फिरणारा रोटर हा व्होल्टेज १-३-४-२ या क्रमाने चार प्लगना वाटतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे मारत असेल तर सेकंदाला १०० ठिणग्या. ही पद्धत अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास कॅडिलॅक गाड्यांसाठी व्यवहारात आणली, आणि मूळ रूपात फारसा बदल न होता ती आमच्या फियाटपर्यंत पोचली.

माझी पहिली चूक

गाडी तापल्यावर बंद पडते, थंड झाल्यावर चालते. पुस्तकात लिहिलेलं असतं की कॉईल तापली की आतली गुंडाळी दगा देते. मी मल्टिमीटर लावला. प्रायमरी तीन ओहम, सेकंडरी काही हजार ओहम, दोन्ही ठीक. कंडेन्सरही मोजला, ०.२ च्या आसपास, तोही ठीक. मग आम्ही गावात दोन चकरा मारून कासच्या रस्त्याला लागलो. यवतेश्वरच्या घाटात तिसऱ्या-चौथ्या वळणावर गाडी बंद. मी कॉईलवर ओलं फडकं टाकलं, दहा-पंधरा मिनिटांनी सेल्फ मारला, आणि गाडी सुरू! मला वाटलं, झालं. कॉईलच चोर. आजोबांनी पैसे दिले, मी दुसरी नवीन कॉईल आणून बसवली.

दुसऱ्या दिवशी गाडी त्याच वळणावर बंद पडली.

रस्त्याच्या कडेला बसून विचार केला तेव्हा लक्षात आलं की ओलं फडकं न टाकतासुद्धा पंधरा-वीस मिनिटांनी गाडी सुरू झालीच असती. ती आधीही व्हायचीच! फडकं टाकलं आणि वाट पाहिली, अशा दोन गोष्टी मी एकदम केल्या आणि श्रेय फडक्याला दिलं. मेकॅनिकने चार पार्ट एकदम बदलले म्हणून मी त्याला मनात नावं ठेवली होती. मी काय वेगळं केलं होतं? शिवाय सगळी मोजमापं मी गाडी थंड असताना, म्हणजे ठणठणीत असताना घेतली होती. ताप उतरल्यावर थर्मामीटर लावून काय उपयोग?

संध्याकाळी बाबांचा फोन आला. ‘किती खर्च झाला?’ मी आकडा सांगितला. ते म्हणाले, ‘रविवारपर्यंत बघ.’

दुखणं अर्धं-अर्धं करत शोधा

तिसऱ्या दिवशी आम्ही डिकीत सगळी हत्यारं घेऊन त्याच घाटात गेलो. या वेळी ठरवलं होतं की गाडी बंद पडली की लगेच, थंड व्हायच्या आत तपासायचं, आणि प्रत्येक पायरीला दुखण्याचा परिसर निम्मा करायचा. कोणाला जुन्या गाडीवर उपयोग होईल म्हणून पायऱ्या क्रमाने देते.

१. पेट्रोल की ठिणगी? पेट्रोल कमी पडलं तर गाडी सहसा आचके देत, दम टाकत बंद पडते. ठिणगी गेली तर बटण दाबल्यासारखी बंद होते. आमची बटण दाबल्यासारखी व्हायची. खात्रीसाठी थोडा वेळ सेल्फ मारून प्लग काढला. टोक पेट्रोलने ओलं. म्हणजे पेट्रोल पोचतंय, ठिणगी नाही. तापलेल्या गाडीत पेट्रोलची वाफ होऊन ‘व्हेपर लॉक’ होतो असं घाटातल्या प्रत्येक थांबलेल्या माणसाने आम्हाला सांगितलं. ओल्या प्लगने तो मुद्दा निकालात काढला.

२. कॉईलपर्यंत की कॉईलच्या पुढे? कॉईलकडून डिस्ट्रिब्युटरच्या मध्यभागी येणारी जाड वायर कॅपमधून काढायची आणि तिचं टोक इंजिनच्या धातूपासून पाच-सहा मिलीमीटरवर धरून सेल्फ मारायचा. हाताने नाही, इन्सुलेशन असलेल्या पकडीने. पेट्रोल सांडलेलं नाही हे आधी पाहायचं, आणि पेसमेकर असलेल्या माणसाने या कामापासून लांब राहायचं. इथे निळी, टचटच वाजणारी ठिणगी असेल तर कॉईल, पॉइंट, कंडेन्सर निर्दोष, दोष पुढे कॅप, रोटर किंवा प्लगच्या वायरमध्ये. आम्हाला दिसली बारीक, पिवळट, मेलेली ठिणगी, तीही मधूनमधून. म्हणजे दोष अलीकडे. अर्धी गाडी सुटली.

३. पॉइंट उघडझाप करतायत का? बारा व्होल्टचा छोटा बल्ब घ्यायचा, एक वायर कॉईलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. पॉइंट मिटले की बल्ब विझतो, उघडले की लागतो. सेल्फ मारताना बल्ब लुकलुकला की वीज येतेय आणि स्विच चालतोय. बल्ब सतत लागलेला राहिला तर पॉइंट मिटत नाहीत, किंवा त्यांच्यावर घाण बसली आहे. अजिबात लागला नाही तर कॉईलपर्यंत वीजच येत नाही, किंवा पॉइंट उघडत नाहीत, किंवा आत कुठेतरी शॉर्ट आहे. आमचा बल्ब छान लुकलुकला.

४. आता कॅप काढून पॉइंटकडे नुसतं बघायचं. मी वाकले आणि म्हटलं, ‘आजोबा, सेल्फ मारा.’ ‘मारू का गं?’ ‘मारा!’ आणि पॉइंट उघडताना त्यांच्या मध्ये लख्ख निळी-पांढरी ठिणगी! प्लगला मिळायची ती ठिणगी इथे पडत होती. एसटीतून उतरणाऱ्या करंटला पळायला जागा नव्हती. कंडेन्सर!

पण तो तर नवीन होता. आणि मी मोजलाही होता. थंड असताना.

आजोबांची एक सवय आहे, ते काही टाकत नाहीत. मेकॅनिकने काढलेले जुने पार्ट त्यांनी एका बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवले होते आणि तो डबा डिकीत होता. मी नवा कंडेन्सर सोडवला, जुना लावला, बाकी कशालाही हात लावला नाही. इंजिन तसंच गरम होतं, चटका बसत होता. सेल्फ मारला. पहिल्या झटक्यात सुरू. ओलं फडकं नाही, वाट पाहणं नाही.

घरी येऊन मी उलटतपासणीही केली. नवा कंडेन्सर मीटरला लावला आणि आत्याच्या हेअर ड्रायरने तापवला. आकडा थोडा वेळ स्थिर राहिला, मग एकदम जवळजवळ शून्यावर आला. गार झाल्यावर परत जागेवर. आतला जोड उष्णतेने सुटत होता. आजी म्हणाली, ‘गाडीचे केस वाळवतेस काय?’ पण तो आकडा पडताना पाहून मला जो आनंद झाला तो एकाही सबमिशनला झालेला नाही.

पहिलं दुखणं

आता राहिला पावसाळ्यातला सकाळचा त्रास. हा ओलाव्याचा दोष. ओलावा वाईट करतो ते उच्च व्होल्टेजच्या बाजूला, म्हणजे कॅप, रोटर आणि वायरींना. मेकॅनिकने नेमकं हेच बदललं नव्हतं, कारण वरून सगळं चांगलं दिसत होतं.

याची परीक्षा अंधारात घ्यायची. रात्री जेवणं झाल्यावर अंगणातला दिवा बंद केला, बोनेट उघडं ठेवून गाडी सुरू केली आणि झाडांना पाणी मारायच्या स्प्रेने कॅपवर लांबून किंचित धुकं सोडलं. हात इंजिनपासून लांब. कॅपवर निळी बारीक रेघ सळसळली आणि इंजिन अडखळलं. सकाळी कॅप काढून आतून उजेडात धरली. दोन शेजारच्या टोकांमध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी केसाएवढी काळी रेघ. याला कार्बन ट्रॅक म्हणतात. एकदा ठिणगी चुकीच्या वाटेने गेली की वाट जळून कार्बन होते, कार्बनमधून वीज जाते, मग पुढची ठिणगी तीच वाट धरते. दमट हवेत तर हमखास. रेघ खरवडून तात्पुरतं भागलं, पण कॅप बदलणं हाच उपाय. ती मला दोन आठवड्यांनी पुण्यात नाना पेठेत मिळाली.

शेवटी पॉइंटची फट फीलर गेजने लावली. अशा डिस्ट्रिब्युटरला ती साधारण ०.४ ते ०.५ मिलीमीटर असते. फट वाढली की पॉइंट कमी वेळ मिटलेले राहतात, कॉईल पुरती भरत नाही, आणि टायमिंगही सरकतं. म्हणून आधी फट, मग टायमिंग, हा क्रम उलटा करायचा नाही.

हिशोब

एकूण खर्च पाहिला तर वाया गेलेली कॉईल सगळ्यात महाग, आणि ती मी आणली होती. प्रत्यक्षात लागली ती एक कॅप. कंडेन्सर तर फुकटच, डब्यातला.

यातून मला जे कळलं ते आपल्या सिलॅबसमध्ये कुठेतरी असेलच, पण मला घाटात कळलं. पार्ट बदलणं म्हणजे निदान नव्हे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर काय लागू पडलं ते कळत नाही. दुखणं हजर असताना तपासायचं. आणि नवीन म्हणजे चांगलं असं धरून चालायचं नाही. आता प्रोजेक्टमध्ये सर्किट चाललं नाही की माझे पार्टनर आधी नवीन आयसी आणायला धावतात, तेव्हा मी त्यांना बिस्किटांच्या डब्याची गोष्ट सांगते. ते वैतागतात, पण आधी मोजतात.

डिसेंबरमध्ये आजोबा स्वतः गाडी चालवत तपासणीला गेले. मी परीक्षेमुळे जाऊ शकले नाही. दुपारी त्यांचा फोन आला. ‘पाच वर्षं मिळाली गं!’ मला क्षणभर कळेना ते गाडीबद्दल बोलतायत की स्वतःबद्दल. आजोबा आता ७८ वर्षांचे आहेत.

बाबा म्हणाले, ‘बरं, २०३० ला बघू.’ भंगारवाल्याचा नंबर त्यांनी अजून डिलीट केलेला नाही. मीही सुट्ट्या कंडेन्सरचा आणखी एक जोड डब्यात टाकून ठेवलाय. तापवून, मोजून.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, मेकॅनिकल